पाठ फिरवून पाहिलेलं हृदय

अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा असं सांगणारा फोन आला, तेव्हा मी संपादकांना विचारलं, "माणसांच्या लिहू की हृदयांच्या?" ते हसले. पण माझा प्रश्न खरा होता. यवतमाळच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी सव्वीस वर्षं टूडी इको काढायचं काम केलं. मला चेहरे लक्षात राहत नाहीत. भाजी घेताना कोणी "ओळखलं का ताई?" म्हणालं की मी नुसती बघत राहते. मग तो म्हणतो, "माझी झडप गळत होती, नाही का," आणि मला सगळं आठवतं: कोणती झडप, किती गळत होती, आणि तेव्हा त्याची बायको कोपऱ्यात उभी राहून कशी रडत होती.

ज्या वर्षांबद्दल लिहितेय ती कापसाची वाईट वर्षं. यवतमाळचं नाव तेव्हा रोज वर्तमानपत्रात असायचं. बाहेरून कॅमेरे यायचे, मोठी माणसं चौकशीला यायची, लॉजमध्ये खोल्या मिळायच्या नाहीत. आमच्या इकोच्या खोलीकडे मात्र कोणी वळलं नाही. आमच्याकडे येणारी माणसं हळूहळू दमत चाललेली असत, आणि दमण्याची बातमी होत नाही.

खोली म्हणजे एक पलंग, एक स्टूल, काळा कागद लावलेली खिडकी आणि मशीन. छातीवर थंड जेली लावायची, साबणाच्या वडीएवढा प्रोब टेकवायचा, की आवाजाच्या लहरी आत जाऊन परत येतात आणि पडद्यावर हृदय हलताना दिसतं. त्यातला डावा कप्पा महत्त्वाचा, कारण अंगभर रक्त तोच ढकलतो. दर ठोक्याला तो आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकतो, तो आमचा आकडा. निरोगी हृदयसुद्धा सगळं फेकत नाही. साठ आले की उत्तम. हे ऐकून एक निवृत्त हेडमास्तर फार नाराज झाले होते. "साठ म्हणजे नुसता फर्स्ट क्लास?" त्यांनी विचारलं. "पुढं काहीच नाही का?"

हार्ट अटॅक येतो तेव्हा या कप्प्याच्या भिंतीचा एक भाग मरतो. मेलेला भाग हलत नाही. आजूबाजूच्या भिंती आकसतात आणि तो तसाच मख्ख उभा असतो. मग आकडा चाळीसवर येतो, तीसवर येतो. पस्तीसच्या खाली गेला की भीती वेगळीच. ते हृदय कधी अचानक वेडंवाकडं फडफडायला लागेल आणि माणूस बसल्या जागी जाईल, सांगता येत नाही.

आकडा काढायला पडद्यावर कप्प्याची कड आखावी लागते, एकदा तो भरलेला असताना आणि एकदा रिकामा झाल्यावर. पुढचा हिशेब मशीन करतं. पण रेघ ओढायची ती माणसाच्या हातानं. पडद्यावरची कड धुरकट असते, आणि रिकाम्या कप्प्याची रेघ जराशी आत गेली की आकडा वर चढतो. मला त्या रेघेचीही गरज वाटायची नाही. मी नुसत्या नजरेनं आकडा बोलायचे आणि मग मोजायचे, आणि दोन्हीत एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक निघायचा. आमचे डॉक्टर बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम माझ्या खोलीत आणून हा खेळ दाखवायचे. मी वरवर "काही नाही हो" म्हणायचे आणि दिवसभर फुगून राहायचे.

मला आणखी एका गोष्टीचा अभिमान होता. मी पेशंटशी बोलायचे. जेली लावण्याआधी पाच मिनिटं: कुठून आलात, जिना चढता का, झोप लागते का, सूनबाई कशी आहे. माणूस सैल पडतो. या बोलण्याबद्दल पुढे लिहायचं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

त्या काळात मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयातून डॉक्टरांना पत्र आलं. तिथे अटॅक आलेल्या लोकांवर स्टेम सेलचा प्रयोग सुरू होणार होता. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. आपल्या अंगातली बहुतेक प्रत्येक पेशी एकेका कामाला लागलेली असते. ही मात्र अजून मोकळी असते, तिचं पुढे काय व्हायचं ते ठरायचं असतं. हाडातल्या मगजात अशा पेशी असतात. कल्पना अशी होती की पेशंटच्या कमरेच्या हाडातून थोडा मगज काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि बारीक नळीनं हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडायच्या. मेलेल्या भिंतीपाशी जाऊन त्या काहीतरी दुरुस्ती करतील, निदान करतात का ते बघायचं. पेशंट आमचे, पेशी सोडण्याचं काम शहरात, आणि आधीचा व सहा महिन्यांनंतरचा इको माझ्याकडे. तो कॅसेटवर उतरवायचा, माझा आकडा फॉर्मवर लिहायचा आणि सगळ्या कॅसेट वर्षाच्या शेवटी शहरात पाठवायच्या. सहा महिन्यांनंतरही ज्यांचा आकडा पस्तीसच्या खाली असेल त्यांना एक यंत्र फुकट मिळणार होतं. ते गळ्याखाली कातडीच्या आत बसवतात, आणि हृदय फडफडायला लागलं की ते आतूनच झटका देऊन ताळ्यावर आणतं. यंत्रासाठी नावं जायची ती माझ्या आकड्यावरून.

एक गोष्ट लोकांना समजावून सांगताना डॉक्टरांच्या तोंडाला फेस यायचा. मगज सगळ्यांचा काढणार, पण पेशी निम्म्यांनाच सोडणार. बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं ते पाकिटात बंद राहणार. पेशंटला, डॉक्टरांना, मला, कोणालाच ते कळणार नव्हतं. "म्हणजे आम्हाले फसवणार," असं म्हणून तिघे-चौघे खोलीतूनच परत गेले.

हे पहिल्या झटक्यात ज्याला समजलं तो माणूस म्हणजे मारोतराव ग्रेडर.

मारोतराव नेरचे, आणि माझं माहेरही नेरचंच. विहारामागे आमचं घर होतं. माझे वडील, सुखदेव, कापूस खरेदी केंद्रावर हमाल होते आणि मारोतराव तिथे ग्रेडर. ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा. भाव त्याच्या तोंडून निघालेल्या प्रतीवर मिळायचा, त्यामुळे हंगामात सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच. मारोतरावांची एक पद्धत होती. ते बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगेकडे पाठ करून बसायचे. माझे वडील बैलबंडीत कोपरापर्यंत हात घालून मधला कापूस काढायचे आणि मागून मारोतरावांच्या तळहातावर ठेवायचे. मारोतराव दोन अंगठ्यांत धरून तो ओढायचे, धागे काळ्या फडक्यावर सरळ मांडायचे, पत्ती किती, ओल किती, कवडी म्हणजे किडका कापूस किती ते बघायचे आणि प्रत बोलायचे. बंडी कोणाची ते नंतर कळायचं. शाळेतून येताना मी फाटकापाशी उभी राहून हे बघत असे. लोक म्हणायचे, किती मिजास, माणसाकडे तोंडसुद्धा करत नाही.

माझ्या दहावीनंतर "पोरीले सायन्सले टाक" असं वडिलांना त्यांनीच सांगितलं होतं. वडील गेले तेव्हा ते आमच्या ओट्यावर दिवसभर न बोलता बसून राहिले होते. म्हणजे माझ्यासाठी ते कोण होते हे वेगळं सांगायला नको.

तर हे मारोतराव ऐन हंगामात केंद्रावरच छाती धरून खाली बसले. पुढची सगळी भिंत गेली. मी इको काढला, तीस आले. डॉक्टरांनी प्रयोगाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांची बायको गिरजाबाई सोबत होती.

"मंजे कृषी खात्यावाले करते तसं," मारोतराव म्हणाले. "एका पट्ट्यात फवारनी, एका पट्ट्यात नुसतं पानी. मंग पाह्याचं, फरक पडला का."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"करा मंग. नाई तरी दरसाल नवं बियानं घेऊनच राह्यलो. पाकिटावरचा फोटो येगळा अन् वावरातलं बोंड येगळं. हे बी पाहू."

गिरजाबाईंची शंका निराळी होती. "डॉक्टर, मगज याचाच कायले घेता? दुसऱ्या कोन्या शांत मानसाचा टाकता येत नाई का?"

डॉक्टरांनी सांगितलं की स्वतःचाच मगज शरीर नाकारत नाही, म्हणून तोच घ्यायचा.

"मंग काय फायदा!" गिरजाबाई म्हणाल्या.

मारोतराव शहरात जाऊन आले. कमरेवर पट्टी होती. ती दाखवत ते म्हणाले, "टाकलं वाटते बियानं." पट्टी सगळ्यांनाच असणार हे मला ठाऊक होतं, तरी मनानं घेतलं की यांना पेशीच मिळाल्या. पुढचे सहा महिने मी त्यांना दर भेटीत बघत होते. बिडी सुटली, गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, गालावर जरा मांस आलं. सहा महिन्यांनी इकोला आले तेव्हा गिरजाबाई दारातूनच म्हणाल्या, "आता पहिल्यावानी वरडते. सुदरला म्हनायचा."

मग मी माझ्या पद्धतीनं पाच मिनिटं बोलले. जिना चढता? चढतो. झोप? मस्त लागते. केंद्रापर्यंत पायी? जाऊन आलतो कालच. इतकं सगळं ऐकून मी प्रोब टेकवला, आणि मला ती पुढची मख्ख भिंत हलताना दिसली. खोटं सांगत नाही. मला दिसली. "अडतीस," मी म्हणाले. मग रेघा ओढल्या, आणि मशीननंही अडतीसच दाखवले. फॉर्मवर अडतीस लिहिले. डॉक्टरांनी पेढे मागवले. यंत्राच्या यादीत त्यांचं नाव घालायची गरज उरली नाही, आणि त्याचाही आम्हाला आनंदच झाला.

दीड-दोन महिन्यांनी मारोतराव एकटेच यवतमाळला आले. बाजारात चक्कर येऊन खाली बसले होते, कोणीतरी पाणी मारलं तेव्हा शुद्धीवर आले. डॉक्टर राउंडला गेले होते, म्हणून मी त्यांना माझ्याच खोलीत पडद्याआड बसवलं. पलंगावर उमरखेडचे एक दुकानदार होते, प्रयोगातलेच. मी नेहमीसारखी बोलले, त्यांनी "एकदम फ्रेश वाटते ताई" असं सांगितलं, मी इको काढला, आकडा बोलले, लिहिला, आणि ते गेले.

पडद्यामागून मारोतराव बाहेर आले आणि स्टुलावर बसले.

"पोरी, तू आंधी बंडीवाल्यासंग बोलतं."

मला कळलंच नाही. "म्हणजे?"

"तो म्हने, मी बरा हाय. मंग तू पाह्यलं. मंग तू म्हनली, बरा हाय. आंधी तोंड पाह्यलं, मंग माल पाह्यला."

"काका, पेशंट घाबरलेला असतो. बोलावं लागतं."

"माह्यासंग बी बोलली होती. माह्या आतलं मले समजते ना? अडतीसवालं काळीज असं बाजारात खाली नाई बसत."

मला राग आला. सव्वीसपैकी निम्मी वर्षं तेव्हा झाली होती, आणि कापसातला माणूस मला माझं काम शिकवत होता. "कापूस वेगळा, काळीज वेगळं," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच.

ते चिडले नाहीत. एरवी बारीकसारीक गोष्टीवर ओरडणारा माणूस त्या दिवशी हळू बोलत होता. "एका साली मी मान वळवून पाह्यलं होतं," ते म्हणाले. "शाळेतला दोस्त होता माहा. चेहरा असा झालता का पाहवे ना. कापूस आतून ओला होता. मले हाताले समजलं, पन तोंडातून वरची प्रत निघाली. तुह्या बापानं मले विचारलं बी, 'मारोतराव, पक्कं?' मी म्हटलं, पक्कं. तो ओला कापूस गंजीत गेला, गंजी आतून तापली, सारा माल पिवळा पडला. केंद्र आठ दिवस बंद. बाहेर बंड्या उभ्या, बैलं उभी, बायामानसं रस्त्यावर. दया मी एकावर केली, अन् भरली साऱ्या रांगेनं. तवापासून पाठ करून बसतो."

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ही त्यांची मिजासच.

त्या दिवशी मी घरी गेले ती धुसफुसतच. राउंडवरून आल्यावर डॉक्टरांनी मारोतरावांना तपासलं, दाखल करून घेतलं आणि गोळ्या बदलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले आणि म्हणाले, "काका, जेवणाच्या सुटीत माझ्या खोलीत या. तुम्हाला दाखवतेच."

प्रयोगातल्या लोकांच्या सहा महिन्यांनंतरच्या दहा कॅसेट मी काढल्या. कॅसेटवर नावं नव्हती, फक्त नंबर. पडद्याच्या ज्या कोपऱ्यात नंबर उमटतो तिथे मी कागदाची पट्टी चिकटवली. मारोतरावांना व्हिडिओ प्लेयरपाशी बसवलं, वही-पेन दिलं. ते मनाला येईल ती कॅसेट घालणार होते, मी त्यांच्याकडे पाठ करून पडद्यासमोर बसणार आणि आकडा बोलणार, आणि कोणत्या नंबरला कोणता आकडा ते वहीत लिहिणार. खरं सांगते, मला खात्री होती. मारोतरावांचं हृदय तर मी हजारात ओळखलं असतं, असंच मी समजत होते.

पहिली कॅसेट. "चव्वेचाळीस." मागे पेनाचा आवाज. दुसरी. "छत्तीस." तिसरी, चौथी. बोलायला कोणी नव्हतं. जिना नाही, झोप नाही, सूनबाई नाही. नुसती राखाडी भिंत, हलणारी आणि न हलणारी. सहावी की सातवी कॅसेट लागली. पुढची भिंत पूर्ण गेलेली. मी म्हणाले, "एकतीस." मग नीट बघितलं आणि म्हणाले, "नाही, तीस. तीस लिहा."

मागे पेनाचा आवाज आला नाही.

"लिहिलं का काका?"

"लिवून राह्यलो," ते म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "घे. पुढची लावतो."

दहा झाल्या. मी वळले, वही घेतली आणि फॉर्मशी ताडून बघायला लागले. सात जणांचे आकडे एक-दोनच्या फरकानं जुळले. तिघांचे मी चढवून लिहिले होते. उमरखेडच्या दुकानदारांना चार जास्त दिले होते. माझ्या ओळखीच्या एका अंगणवाडीच्या बाईंना पाच. आणि ज्या नंबरापुढे मारोतरावांनी तीस लिहिले होते, तिथे फॉर्मवर माझ्या अक्षरात अडतीस होते.

तो नंबर त्यांना पाठ होता. सगळ्यांनाच आपापला नंबर पाठ असतो. कॅसेट घालतानाच त्यांना कळलं होतं की ही आपली, आणि मी तीस म्हणाले तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं.

मी ओळखलं नव्हतं. ज्या माणसाच्या हातावर माझा बाप कापूस ठेवायचा, त्याचं हृदय समोर हलत होतं आणि मला ते कोणाचंही वाटलं. मी स्टुलावर बसून रडले. मारोतरावांनी वही मिटली.

"रडू नको व. माल तोच हाय. तू नव्हता बिघडवला. तू नुसती प्रत चुकली."

"तुम्हाला यंत्र मिळालं असतं. दोन महिन्यांपूर्वीच मिळालं असतं."

"मंग आता दुरुस्त करून दे. बाप असता तं म्हनला असता, 'पक्कं?'"

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी वही आणि फॉर्म शेजारी ठेवून दहाही आकडे ताडून बघितले. मग म्हणाले, "हे कळवलं तर आपलं प्रयोगाचं केंद्र बंद होईल, कळतंय ना?" मी म्हणाले, कळतंय. पत्र मी लिहिलं, पण खाली त्यांनीही सही केली. हे त्यांच्या मोठेपणाचं आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, तेही लिहून ठेवते.

शहरातून माणूस येऊन सगळ्या कॅसेट घेऊन गेला. आमच्या केंद्राचे सगळे आकडे त्यांनी बाद केले, बरोबर होते तेसुद्धा. तिथल्या डॉक्टरांनी मारोतरावांची कॅसेट पुन्हा वाचली आणि एकोणतीस सांगितले. यंत्र मिळणार असं कबूल केलं, पण या वेळची यादी गेली होती. पुढची तीन महिन्यांनी.

ते तीन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात वाईट. मी रोज सकाळी कामावर येताना पहिल्यांदा एसटीडी बूथवर थांबायचे आणि नेरला त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावायचे. गिरजाबाईंना बोलावून आणेपर्यंत माझं लक्ष मीटरकडे नसायचं, दाराकडे असायचं, जसं काही उत्तर तिथूनच येणार आहे.

"कसे आहेत?"

"हाय," गिरजाबाई सांगायच्या. "वरडून राह्यला. चहात साखर कमी झाली म्हने." मग मी कामाला लागायचे. एकदा त्या म्हणाल्या, "आज काईच बोलला नाई सकाळपासून." मी बूथमधून तशीच बसस्टँडवर गेले आणि नेरची गाडी पकडली. मारोतराव ओट्यावर बसून धागे ओढत होते. घसा बसला होता, एवढंच. मला बघून ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काहून आली? ड्युटी नाई का तुले?"

यंत्र बसलं. त्यानंतर मला रात्री झोप लागायला लागली.

आणखी दोनेक वर्षांनी प्रयोग संपला आणि पाकिटं उघडली. निकाल असा काही डोळे दिपवणारा नव्हता. काहींचा आकडा थोडा वाढला होता, पण मिठाचं पाणी मिळालेल्यांपैकीही काहींचा वाढला होता. आज हे शास्त्र कितीतरी पुढे गेलंय. माझ्या भाचीनं मध्ये मला मोबाइलवर दाखवलं: माणसाच्या रक्तातल्या पेशी घेऊन त्यांना पुन्हा मूळपेशी बनवतात, त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवतात आणि काचेच्या बशीत त्या धडधडतात. त्यांच्यावर औषधं तपासतात, कोणता आजार कसा होतो ते बघतात. मी तो ठिपका कितीतरी वेळ बघत होते. त्याला चेहरा नव्हता आणि तो सूनबाईबद्दल काही सांगणार नव्हता. माझ्यासारखीला कामाला ठेवायचं तर असंच काम द्यायला हवं होतं, असं मनात आलं.

मारोतरावांचं पाकीट डॉक्टरांनी माझ्यासमोरच फोडलं. मिठाचं पाणी. त्यांना पेशी मिळाल्याच नव्हत्या. जिथे बियाणं पडलंच नव्हतं, तिथे मला उगवलेलं दिसलं होतं. त्यांना बरं वाटत होतं ते गोळ्यांनी आणि बिडी सुटल्यानं, आणि बरं वाटणं वेगळं, भिंत हलणं वेगळं.

त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. "मंजे आमी बिनाफवारनीचा पट्टा होतो."

"हो, काका."

"पट्टा बी लागतेच ना. नाई तं समजनार कसं?" हे त्यांनी थोड्या रुबाबातच म्हटलं. गिरजाबाई तेवढ्या म्हणाल्या, "मिठाच्या पान्यावर इतका वरडला?"

मी माझी पद्धत बदलली. पेशंट आला की नाव-नंबर बघायचा, झोपवायचं, पडद्याकडे तोंड करायचं. आकडा लिहून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. नजरेनं आकडा बोलण्याचा खेळही बंद केला. लोकांना ते आवडलं नाही. "ताईले घमेंड आली," असं माझ्या मागे बोलायचे, आणि एका बाईंनी तर डॉक्टरांकडे तक्रारही केली. मलाही ते पाच मिनिटांचं बोलणं अजून आठवतं. घाबरलेला माणूस थंड जेलीखाली तसाच ताठ पडून राहायचा आणि मी त्याला काहीच म्हणायचे नाही. त्याचं वाईट वाटायचं, अजूनही वाटतं. जेली पुसून झाली की मग बोलायचे, पण तोवर तो शर्टाची बटणं लावून दाराकडे बघायला लागलेला असायचा.

मारोतराव दर सहा महिन्यांनी यायचे. यंत्रानं त्यांना एकदाच झटका दिला, नेरच्या बसस्टँडवर. बैलानं छातीत लाथ मारावी तसं वाटलं, असं ते सांगायचे. खाली पडले, उठले, आणि आलेली गाडी पकडून थेट माझ्याकडे आले. मी त्यांना ओरडले, ते मला ओरडले. त्या झटक्यानंतर ते आणखी पाच वर्षं होते.

इकोच्या वेळी आमचं ठरलेलं होतं. ते आत यायचे, माझ्याकडे न बघता पलंगावर झोपायचे. मी त्यांच्याकडे न बघता प्रोब टेकवायचे. आकडा लिहून झाला की मी जेली पुसायला कापूस द्यायचे, आणि ते तो कापूस हातात घेऊन आधी दोन अंगठ्यांत ओढून बघायचे. मग म्हणायचे, "बोल आता."

शेवटच्या वेळी ते आले तेव्हा गिरजाबाई त्यांना धरून दारापर्यंत घेऊन आल्या आणि बाहेर बाकावर बसल्या. मला पावलांच्या आवाजावरूनच कळलं होतं, पण मी पडद्याकडेच बघत राहिले. प्रोब टेकवला. पुढची भिंत कधीचीच गेली होती, आता मागचीही दमली होती. मी रेघा ओढल्या. डोळ्यांत पाणी आल्यानं कड आणखीच धुरकट झाली, म्हणून पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा ओढल्या. दोन्ही वेळा एकच आकडा आला. तो लिहिला आणि कापूस त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो ओढून बघितला. "बोल आता."

"अठरा," मी म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं, काका."

त्यांनी मान हलवली. माझा आधार घेऊन ते उठून बसले, शर्टाची बटणं एकेक करून लावली. बराच वेळ लागला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "आता सांग पोरी, कशी हाय तू?"

बाहेर सात-आठ पेशंट थांबले होते. मी गिरजाबाईंना आत बोलावलं, दार लावून घेतलं, आणि आम्ही तिघं बोलत बसलो.